मगरेसाहेब, वारुणी आणि चौऱ्याण्णव कोस

श्री. भानुदासराव मगरे यांची आणि माझी ओळख एका न सापडणाऱ्या गावामुळे झाली. फुलंब्रीच्या जमीन मोजणीच्या कार्यालयात टंकलेखिका म्हणून मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशीची ही गोष्ट. मुकुंदवाडीहून दोन गाड्या बदलून मी वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसले होते. टंकयंत्रावरचे कापड काढून घडी करून ठेवले होते आणि कुणीतरी काम सांगावे म्हणून दाराकडे पाहत होते. दुपारच्या सुट्टीत एक उंच, सडपातळ गृहस्थ आले. त्यांनी हाताने लिहिलेले दोन कागद माझ्यापुढे ठेवले, सोबत कोरा कागद आणि कार्बनही स्वतःचाच ठेवला, आणि म्हणाले, "बाई, एवढं टाइप करून द्या. घाई नाही."

मसुदा रीतसर होता. विषय : धूम्रगड ते कांचनघाट या दोन ठिकाणांमधील अंतरात आढळलेल्या तफावतीबाबत. संदर्भ : खंड पहिला, पृष्ठ बहात्तर, व सोबत जोडलेला नकाशा. खाली मजकूर असा, की नकाशावरील प्रमाणानुसार हे अंतर चौऱ्याण्णव कोस भरते, पण वारुणी नावाच्या व्यक्तीने ते सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात एकाच घोड्यावरून पार केल्याचे नमूद आहे, तरी खुलासा व्हावा.

मी नवीन होते. चूक होऊ नये म्हणून गावांची नावे तपासावीत असे ठरवले. भिंतीवर तालुक्यातील गावांची यादी टांगलेली होती. ती मी वरून खाली दोनदा वाचली. धूम्रगड नव्हते. कांचनघाटही नव्हते. शेवटी धीर करून मी मुख्य लिपिकांना विचारले, धूम्रगड कोणत्या मंडळात येते? त्यांनी चष्मा काढला, बाकीच्यांना बोलावून घेतले आणि मला तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. सगळे कार्यालय हसले. मुख्य लिपिक म्हणाले की ते गाव तालुक्यात नाही, मगऱ्यांच्या डोक्यात आहे.

मगरेसाहेब मात्र हसले नाहीत. ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "धूम्रगड पुस्तकातल्या नकाशात आहे, बाई. पण तुम्ही यादीत शोधलंत. कागद हातात आला की तपासायचा, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागणार नाही." पहिल्या दिवशी रडून घरी जाण्याची माझी तयारी झाली होती. या एका वाक्याने मी दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आले आणि पुढे तीस वर्षे येत राहिले.

या गौरवग्रंथाच्या वाचकांना मगरेसाहेब कसे माहीत आहेत ते मला ठाऊक आहे. कुणी त्यांना अचूक मोजणीदार म्हणून ओळखते, कुणी गुरुवारच्या वाचनामुळे. पण त्यांना खरे ओळखायचे असेल तर त्यांच्या लेखकांपासून सुरुवात करावी लागते. साहेब अद्भुत कथा आणि विज्ञानकथा वाचत, दुसरे काही नाही. सामाजिक कादंबरी कुणी पुढे केली तर ते नम्रपणे परत करत आणि सांगत की हे सगळे मी दिवसभर बांधावर पाहतो. राक्षस, उडती शहरे, परग्रहावरची शेती, भूतकाळात परत जाणारी माणसे, हे मात्र त्यांना रोज लागे. शहरातून फुलंब्रीला जाणाऱ्या गाडीत ते उजव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीशी बसत. कंडक्टर त्यांना तिकीट देताना आदल्या दिवशी गोष्ट कुठे थांबली होती ते विचारत. एकदा गाडी बंद पडली तेव्हा साहेबांनी सगळ्या प्रवाशांना रस्त्याच्या कडेला उभे करून एका प्रकरणाचा सारांश सांगितला. दुसरी गाडी आली तरी चार जण चढेनात.

त्यांचे दोन लाडके लेखक होते. पहिले टेंभे, जे विज्ञानकथा लिहीत आणि आयुष्यभर रेल्वेत अभियंता होते. ते एकदा शहरात व्याख्यानाला आले. चंद्रावर माणसांची वसाहत कशी होईल हे त्यांनी तासभर सांगितले. प्रश्नोत्तरांत मगरेसाहेब उठले आणि त्यांनी विचारले की चंद्रावर पहिली मोजणी कोण करणार, आणि खुणेचे दगड तिथे पुरले तर ते जागेवर राहतील का, कारण तिथे वजन कमी असते. टेंभ्यांनी पुढचा अर्धा तास फक्त या प्रश्नाला दिला आणि आभार मानणाऱ्या गृहस्थांना बोलू दिले नाही. त्यानंतर दोघांचा पत्रव्यवहार टेंभे असेपर्यंत चालला आणि उत्तम चालला. अभियंत्याला चूक दाखवणारा माणूस आवडतो.

दुसरे लेखक रुद्रसेन. हे टोपणनाव होते, इतकेच साहेबांना माहीत होते. रुद्रसेनांनी धूम्रगडाच्या पाच खंडांची अद्भुत कादंबरी लिहिली. वारुणी तिची नायिका. पाचवा खंड जिथे संपतो तिथे वारुणी एका दोराच्या पुलाच्या मधोमध उभी आहे, मागच्या टोकाला आग लागली आहे आणि पुढच्या टोकाला तिचाच भाऊ तलवार घेऊन उभा आहे. खाली छापले होते, पुढील खंड लवकरच. तो खंड आला नाही.

साहेबांचे वाचन आणि काम वेगळे नव्हते, हे सांगण्यासाठी एक प्रसंग देते. फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवर दोन सख्ख्या भावांचा बांधावरून वाद होता. नावे देत नाही, कारण दोघेही साहेबांच्या गौरव समारंभाला येणार आहेत. तीन वेळा मोजणी झाली होती आणि तिन्ही वेळा दोघांपैकी एकाने मोजणीची साखळी धरू दिली नव्हती. चौथ्या वेळी साहेब गेले. सोबत नोंदी घ्यायला मीही होते. साहेबांनी टेबल मांडले, पण ऊन फार होते, म्हणून सगळ्यांना बाभळीखाली बसवले आणि टेंभ्यांची एक गोष्ट सांगायला घेतली. एका ग्रहावर जमीन दरवर्षी एक वीत सरकते. तिथे दोन भाऊ आहेत. दरवर्षी थोरल्याचे शेत धाकट्याच्या अंगणात येते आणि धाकट्याचे शेजाऱ्याच्या. धाकटा ठरवतो की आता जमीनच बांधून ठेवायची. इथे साहेब थांबले आणि म्हणाले की ऊन उतरले, साखळी धरा. दोघांनीही धरली.

आठ दिवसांनी थोरले भाऊ कार्यालयात आले. मला वाटले नकाशाची प्रत हवी असेल. ते साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "प्रत नंतर बघू, सायब. त्यानं जमीन कशाला बांधली ते सांगा, लई डोक्यात बसलंय."

साहेब म्हणाले, "एकट्याला नाही सांगणार. धाकट्याला घेऊन या. दोघांना एकदमच सांगतो."

दोघे आले. आधी दोन वेगवेगळ्या गाड्यांवर, पुढच्या वेळी एकाच मोटारसायकलवर. गोष्ट साहेबांनी चार हप्त्यांत पुरवली. बांधाचा वाद पूर्ण मिटला असे मी म्हणणार नाही, तो अजूनही अधूनमधून निघतो. पण तो आता दोघे एकत्र बसून काढतात.

आता मला माझ्या चुकीकडे यावे लागते. समितीला मी विचारले होते की गौरवग्रंथात लेखिकेने स्वतःची चूक लिहिली तर चालेल का. समितीने कळवले की शब्दमर्यादा पाळा.

साहेब रुद्रसेनांना दरवर्षी एक-दोन पत्रे लिहीत. ती पुण्याच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर जात. पहिल्या पत्राला तिकडून कार्डावर उत्तर आले होते : घोडा नेहमीपेक्षा वेगवान होता असे समजावे. साहेबांना हे उत्तर इतके प्रामाणिक वाटले की त्यांनी घोड्यांविषयी चौकशी सुरू केली. शहागंजात करीमचाचा म्हणून जुने तांगेवाले होते. साहेबांनी त्यांना विचारले की चांगला घोडा दिवसात किती जाईल. चाचा म्हणाले, "घोडा हय साब, मोटार नक्को समझो." साहेबांनी ही माहिती पुढच्या पत्रात घातली. त्याला उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्रात नदीची रुंदी, चौथ्यात किल्ल्याच्या पायऱ्या, पाचव्यात एका राक्षसाची उंची आणि तो ज्या दारातून आत शिरतो त्या दाराची उंची. अशी चौदा पत्रे मी टाइप केली आणि ती तिकडे पोहोचली.

साहेबांच्या प्रत्येक मसुद्यात शेवटी एक परिच्छेद असे. त्यात तफावत, खुलासा, नकाशा यांपैकी काही नसे. पुस्तक वाचून त्यांना काय वाटले ते असे. पहिल्या पत्राच्या वेळी मजकूर एका पानात बसेना. दुसरे पान घ्यायचे तर साहेबांचा दुसरा कागद आणि दुसरा कार्बन खर्ची पडणार. शिवाय मी टंकलेखनाच्या वर्गात शिकून आले होते की विषय आणि संदर्भ असलेल्या पत्रात भावना येत नाहीत. मी तो परिच्छेद गाळला आणि खाली टाइप केले, कळावे, आपला विश्वासू. साहेबांनी आकडे मसुद्याशी ताडून पाहिले, सगळे बरोबर होते, आणि सही केली. कुणी काही बोलले नाही, म्हणून मी दुसऱ्या पत्रातही तसेच केले. नंतर ती पद्धतच झाली. चौदा वेळा.

प्रकाशकाचा व्यवसाय बंद पडल्यावर पंधरावे पत्र परत आले. साहेबांच्या हर्सूलच्या घरी बैठकीत लेखकांच्या तसबिरी आहेत. रुद्रसेनांचे छायाचित्र कुठेच मिळाले नव्हते, म्हणून साहेबांनी त्यांच्या नावाची नुसती रिकामी चौकट टांगली होती. पत्र परत आल्याचे कळताच शांतावहिनींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, त्या चौकटीला हार घातला. पुढे काही दिवस येणारा जाणारा चौकटीकडे पाहून हळू आवाजात विचारी की हे कधी घडले. साहेबांनी हार काढून टाकला. ते वहिनींना म्हणाले की पुस्तक अर्धे ठेवून लेखक जात नसतो. वहिनी म्हणाल्या की मी आजवर एकही पुस्तक पूर्ण वाचले नाही, मला हा नियम माहीत नाही.

वर्षे गेली. आधी साहेब निवृत्त झाले, नंतर मी. साहेबांच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आणि दुसऱ्या डोळ्याविषयी डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. वाचन कमी करा, असे सांगितले. साहेबांनी मला फोनवर हे सांगितले ते अगदी शांतपणे. फक्त एवढेच म्हणाले की सहावा खंड आता आला असता तर बरे झाले असते, अजून उजव्या डोळ्याने वाचता येते.

त्याच हिवाळ्यात मी निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला आलेल्यांची मोठी रांग होती. माझ्यापुढे एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. कापडी पिशवीवर त्यांनी स्वतः रंगवलेला मोर होता. त्याचे मी कौतुक केले. त्यांचे नाव मालती कुलथे. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होत्या आणि मुकुंदवाडीत माझ्या घरामागे तीन गल्ल्या सोडून राहत होत्या. एवढी वर्षे आम्ही एकाच भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेत होतो. त्यांनी मला विचारले की तुम्ही कुठे होतात. मी सांगितले, फुलंब्रीला, मोजणीच्या कार्यालयात.

मालतीबाई वळून माझ्याकडे पाहू लागल्या. "तिथं मगरे म्हणून कुणी होते का?"

मी अभिमानाने सांगितले की होते तर, आमचे साहेबच.

त्या म्हणाल्या, "त्या माणसानं माझं लिहिणं बंद पाडलं."

रांग पुढे सरकली. आम्ही दोघी जागच्या जागी. मागचे लोक ओरडू लागले तेव्हा आम्ही सरकलो आणि त्या सगळे सांगत गेल्या. रुद्रसेन त्याच. दिवसा शाळेत मुलींना कमळ काढायला शिकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन राक्षस कापायचे, हे मुख्याध्यापिकांना रुचले नसते, म्हणून टोपणनाव. प्रकाशक पत्रे पाठवी. बाकी वाचकांची पत्रे येत, ती गोड असत. पण फुलंब्रीचे पाकीट आले की त्या ते उघडायचे टाळत. "घोडा काढला की वाटायचं, हा किती चालतो ते आता फुलंब्रीत मोजतील. दार काढलं की वाटायचं, उंची लिहिली पाहिजे. शेवटी मी त्या पुलाची लांबी किती लिहावी, यातच अडकले. अडकले ती अडकलेच." मग त्या म्हणाल्या, "चुका दाखवल्या त्याचं काही नाही हो. पण चौदा पत्रांत या माणसानं एका ओळीनं लिहिलं नाही की पुस्तक आवडलं."

खिडकीतल्या कारकुनाने माझ्याकडे पाहून विचारले की आपण हयात आहात ना. मला उत्तर द्यायला वेळ लागला.

मी त्यांना तिथे काही सांगितले नाही. आठ दिवस कुणालाच सांगितले नाही. नवव्या दिवशी हर्सूलला गेले आणि साहेबांना सगळे सांगितले, रुद्रसेन सापडल्याचे आणि गाळलेल्या परिच्छेदांचेही. शांतावहिनी चहा घेऊन आल्या, तो तसाच राहिला. साहेब उठले, आतल्या खोलीत गेले आणि लाल फितीने बांधलेली एक फाइल घेऊन आले. त्यांनी चौदाच्या चौदा मसुदे जपून ठेवले होते, शेवटच्या परिच्छेदांसह.

ते मला म्हणाले, "बाई, परिच्छेद तुम्ही गाळला. पण सही मी केली. सही करणाऱ्यानं पूर्ण वाचायचं असतं. मी आकडेच वाचत बसलो."

साहेबांकडून मी तीस वर्षांत पुष्कळ शिकले. पण त्यांचे मोठेपण मला कळले ते या वाक्याने. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

फाइल घेऊन मी मालतीबाईंकडे गेले. आधी माझी चूक सांगितली. त्यांनी फाइल मांडीवर घेतली आणि प्रत्येक मसुद्याचे शेवटचे पान काढून वाचू लागल्या. तिसऱ्या पत्राचा शेवट असा होता : "दुसऱ्या खंडात वारुणी आपल्या आंधळ्या आजोबांना डोंगर कसा दिसतो ते सांगते. ते पान मी माझ्या वडिलांना वाचून दाखवले. ते शाळेत गेलेले नव्हते. ते म्हणाले, हे लिहिणारा माणूस रोज कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असला पाहिजे." मालतीबाईंनी ते पान बाजूला ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. मग उठून कुंड्यांना पाणी घालून आल्या, जे त्यांनी सकाळीच घातले होते. बाहेरूनच मला म्हणाल्या की त्यांना घेऊन या, पण घोड्याचा विषय काढायचा नाही, अशी अट घाला.

साहेब आले ते इस्त्रीचे कपडे घालून, सोबत शांतावहिनी. पण गल्लीच्या तोंडाशी ते उभे राहिले. पुढे येईनात. मी विचारले की काय झाले. साहेब म्हणाले की काय बोलायचे ते सुचत नाही. ज्या माणसाने भर सभेत चंद्रावरच्या दगडांविषयी विचारले तो मुकुंदवाडीच्या एका गल्लीत पंधरा मिनिटे उभा होता. शेवटी वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी दार वाजवले.

आत गेल्यावरही दोघे समोरासमोर बसले आणि फक्त माझ्याकडे पाहत राहिले. साहेबांनी अट पाळली. ती मोडली मालतीबाईंनीच. त्या म्हणाल्या की तुमचे म्हणणे बरोबर होते, चौऱ्याण्णव कोस एका दिवसात होत नाहीत, पण नकाशा काढायला कागद छान मोठा मिळाला होता, मग कोपरे रिकामे कसे ठेवायचे? साहेबांनी हा खुलासा डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली. इतक्या वर्षांनी खुलासा प्राप्त झाला होता.

मग साहेबांनी विचारले, "वारुणीचं पुढं काय झालं?"

"मला काय माहीत?" मालतीबाई म्हणाल्या. "मी तिला तिथं सोडून आले."

"बाई, एवढी वर्षं ती पोरगी त्या पुलावर उभी आहे. दोर कुजला असेल आता."

हे साहेब गमतीने म्हणाले नव्हते. त्यांचा आवाज बदलला होता. शांतावहिनींनी पहिल्यांदाच चौकशी केली की कोणती पोरगी आणि कोणता पूल. साहेबांनी सांगितले. वहिनींनी ऐकून घेतले आणि मालतीबाईंकडे वळून म्हणाल्या, "सख्खा भाऊ तलवार घेऊन उभा हाय, आन तुम्ही इथं झाडाला पाणी घालून राह्यल्या व्हय?"

मालतीबाई आधी हसल्या. मग पदराने डोळे पुसले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी दोन पाने लिहून ठेवली होती. साहेबांना हस्ताक्षर वाचणे आता जड जात होते म्हणून मालतीबाईंनी ती मोठ्याने वाचली. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी मालतीबाईंच्या घरी वाचन होते. आधी आम्ही चौघे होतो, आता खोली पुरत नाही. वस्तीवरचे ते दोघे भाऊ मोटारसायकलवरून येतात. हस्तलिखित मी संगणकावर टाइप करते, आणि एकही शब्द गाळत नाही हे इथे लेखी देते.

वाचन शांततेत होते असे कुणी समजू नये. साहेबांच्या मोजमापांना चुकवण्यासाठी मालतीबाईंनी एक उडणारे कासव आणले. साहेबांनी पुढच्याच गुरुवारी त्याचा वेग विचारला. मालतीबाई म्हणाल्या की ते त्याच्या मनावर आहे. यावर साहेबांनी एक आठवडा विचार केला आणि हे उत्तर मान्य असल्याचे कळवले. उलट वहिनींना अंतराशी काही देणेघेणे नाही, त्या माणसांवर लक्ष ठेवतात. वारुणीच्या भावाला मारून टाकायचे मालतीबाईंनी ठरवले होते. वहिनींनी विचारले की त्याच्या आईला काय सांगणार. भाऊ वाचला. चौकट भरण्यासाठी साहेबांनी मालतीबाईंचे छायाचित्र मागितले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला आणि सांगितले की भिंतीवर नको, मी समोर बसते आहे.

हे सगळे हसत हसत लिहिते आहे, पण मध्यंतरी एक गुरुवार असाही आला की साहेबांचा उजवा डोळाही जवळपास गेला होता. ते वहिनींचा हात धरून आले. मालतीबाईंनी वाचायला घेतले. त्या दिवशीच्या पानांत वारुणी पूल ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरते. खोऱ्याचे वर्णन त्यांनी लिहिले होते त्याहून किती तरी मोठे सांगितले. कागदावर एक परिच्छेद होता, मी तो टाइप करताना पाहिला आहे. त्यांनी अर्धा तास सांगितले. प्रत्येक झाड, प्रत्येक वळण, कुठे ऊन आणि कुठे सावली. साहेब मान वर करून ऐकत होते. त्यांनी एकही आकडा विचारला नाही. बाहेर पडताना मला म्हणाले, "आज नीट दिसलं."

गेल्या महिन्यात सहावा खंड पूर्ण झाला. शेवटचे पान वाचून मालतीबाईंनी कागद खाली ठेवले. शांतावहिनी म्हणाल्या, सुटली बाई एकदाची. साहेब मात्र उदास दिसले. मी विचारले की शेवट आवडला नाही का. ते म्हणाले की शेवट उत्तम आहे, पण आपण घाई केली, अजून थोडे चालले असते. मालतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि कागद गोळा केले. पुढच्या गुरुवारी आम्ही नुसते चहाला म्हणून जमलो, तर त्यांच्या मांडीवर दोन नवी पाने होती. वारुणीला एक मुलगी झाली होती, आणि ती मुलगी घरातून पळून गेली होती.

आदरणीय साहेब, हा ग्रंथ आपण स्वतः वाचू शकणार नाही, म्हणून हा लेख समारंभात मी वाचून दाखवणार आहे. सगळ्यांच्या वतीने आपल्याला भरपूर आयुष्य आणि धडधाकट प्रकृती मागते. मालतीबाई आठवड्याला दोनच पाने लिहितात आणि त्या पळालेल्या मुलीला अजून वेशीबाहेरही पडता आलेले नाही. तिला परत आणायला किती वर्षे लागतील ते त्यांनाही ठाऊक नाही. आपण तेवढी वर्षे नेहमीच्या खुर्चीवर, वहिनींच्या शेजारी, बसलेले आम्हाला हवे आहात. येत्या गुरुवारी तीन वाजता रिक्षा पाठवते.